मुलानं रोजा सोडला, बापानं बोलणं

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) : मी 61 वर्षांचा, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. मूळचे आम्ही सातारा जिल्ह्यातले. पुण्यात आधी भवानी पेठेत राहत होतो, आता कोंढव्यात. घरात पत्नी, 25 वर्षांचा मुलगा, 22 वर्षांची मुलगी आणि माझी वृद्ध आई. मुलगा हिंजवडीत चांगल्या नोकरीला आहे. लहानपणी त्यानं कुराण शरीफ पूर्ण केलं तेव्हा आम्ही सगळ्या बिरादरीला दावत दिली होती. गेल्या रमजानमध्ये पाचव्या-सहाव्या सहेरीला तो उठून आला आणि म्हणाला, ‘अब्बा, मी रोजे ठेवत नाही. नमाजही फक्त तुमच्यासाठी पढत होतो. माझा विश्वास राहिलेला नाही. खोटं वागायचा कंटाळा आलाय.’ त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. तबलिगी जमातचे साथी म्हणतात, चिल्ल्याला (जमातीबरोबर चाळीस दिवसांच्या धर्मफेरीला) पाठवा, ऐकत नसेल तर नातं तोडा. मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू आहेत, मुलाकडचे दीनदार (धर्मनिष्ठ) आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर? मी त्याला सांगितलंय की ईमान नसेल तर माझ्या मिळकतीत वाटाही नाही. आमच्या तर्बियतीत (संस्कारांत) कुठं कमी पडलं, की मोबाईलनं आणि ऑफिसातल्या मित्रांनी बिघडवलं, काही कळत नाही. लोकांचं मला काही नाही. पण हशरच्या (कयामतच्या दिवसाच्या) मैदानात माझा मुलगा माझ्याजवळ नसेल या विचारानं रात्री झोप येत नाही. त्याला घराबाहेर काढलं तर तो ताळ्यावर येईल का?

*

घराबाहेर काढू नका. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकलं, म्हणजे बाकीचं आपल्याला सावकाश बोलता येईल.

हशरच्या मैदानाबद्दल तुम्ही लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. असलं काही ऐकलं की आमच्या सदाशिव-नारायण पेठेतल्या सुधारक मंडळींना हसू येतं. ‘अहो, मुलगा मोठा झाला, त्याचं तो बघेल’ असं सांगून ती मोकळी होतात. पण ज्याचा आखिरतवर (मरणानंतरच्या जीवनावर) खरोखर विश्वास आहे त्याच्यासाठी हा कायमचा वियोग आहे, आणि त्या दुःखाची चेष्टा करण्याचा हक्क मला नाही. ते दुःख खरं आहे, असं धरूनच पुढचं लिहिते.

फक्त एक विचारते. ‘लोकांचं मला काही नाही’ म्हणता, आणि त्याच पत्रात जमातचे साथी येतात, मुलीचे होऊ घातलेले व्याही येतात, त्यांच्या कानावर काय जाईल ते येतं. हे दुसरं दुःखही खरंच आहे, बिरादरीत राहणाऱ्या माणसाला ते चुकत नाही. पण दोन्हींची सरमिसळ झाली आहे. मुलगा अल्लाहपासून लांब गेला याचं दुःख असलेला बाप दुआ मागतो, रडतो, मुलाच्या मागे मागे जातो. चारचौघांत मान खाली जाईल या भीतीतला बाप अबोला धरतो, वाटा काढून घेईन म्हणतो. तुम्ही रमजानपासून जे केलंत त्यातलं कुठलं कोणत्या दुःखातून आलं, हे एकदा स्वतःशी निवडून बघा. मला काय वाटतं ते तुम्ही ओळखलं असेलच.

आता तर्बियत. मी काही आलिमा (धर्मपंडित) नाही, हा फतवाही नाही. पण सूरह हूदमधला नूह अलैहिस्सलाम यांच्या मुलाचा किस्सा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. पैगंबराचा मुलगा, खुद्द पैगंबराच्या हाताखाली वाढलेला, तरी त्यानं मानलं नाही. तर्बियत कमी पडली असं नूह यांच्याबद्दल म्हणायची कुणाची छाती होईल का? आणि तुफानाच्या डोंगराएवढ्या लाटा येत असताना ते काय करत होते? ‘बेटा, आमच्याबरोबर नावेत चढ’ म्हणून हाका मारत होते. मुलानं ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी. हाक बापाकडून थांबली नव्हती. तुमच्या घरात आत्ता ती थांबली आहे.

साथी ‘नातं तोडा’ म्हणतात, ते कशाच्या आधारावर म्हणतात हे मला माहीत आहे. दीन सोडणाऱ्याबद्दल जुन्या फिक्हच्या (इस्लामी धर्मकायद्याच्या) ग्रंथांत फार कठोर शिक्षा सांगितल्या आहेत, आजचे अनेक अभ्यासक त्याबाबत वेगळं मत देतात, आणि दोन्ही बाजू कुराणाचे दाखले देतात. ‘दीनमध्ये जबरदस्ती नाही’ ही सूरह बकरामधली 256 वी आयत तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. तो वाद तुमच्या हॉलमध्ये मिटवायचा नाहीये. आपल्या राज्यघटनेच्या 25 व्या कलमानं प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलं आहे. ज्या कलमाच्या जोरावर तुम्ही इज्तेमाला (जमातीच्या मेळाव्याला) जाता, त्याच कलमात तुमच्या मुलाचं ‘नाही’सुद्धा बसतं.

तुमचा खरा प्रश्न, मला वाटतं, हा आहे की त्याला बिघडवलं कुणी. मोबाईलनं? मित्रांनी? एखादी मुलगी असेल, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात आलं असणार. असेलही मुलगी. पण मुलीपायी ईमान सोडणारा पोरगा सहेरीला उठून बापासमोर उभा राहत नाही. तो लपवतो, ईदला पांढरी टोपी घालून पुढच्या सफेत (रांगेत) बसतो. तुमच्या मुलाला लपवणं सोपं होतं.

या सदराकडे मुस्लिम घरांतून पत्रं येतात, त्यातली बरीच विशी-पंचविशीतल्या मुलामुलींची असतात. त्यात वारंवार दिसणारं एक सांगते. मकतबात (कुराण शिकवणाऱ्या शाळेत) मूल चार-पाच वर्षं नाजरा, म्हणजे कुराण नुसतं बघून वाचायला, शिकतं. उच्चार घासूनपुसून पक्के होतात, तीस पारे पूर्ण होतात, दावत होते. अर्थ? तो नंतर कधीतरी. मधेच एखादं पोर विचारतं, ‘मौलवीसाहेब, शेजारची काकू इतकी चांगली आहे, ती जहन्नमला का जाणार?’ त्याला उत्तरादाखल छडी मिळते, नाहीतर ‘हा सैतानाचा वसवसा आहे’ म्हणून गप्प केलं जातं. घरी विचारलं तर अम्मी म्हणते, असं विचारू नये. मग हे मूल अठराव्या वर्षी हॉस्टेलवर जातं, रात्री दोन वाजता मोबाईलवर वादविवाद बघतं, आणि जी आयत त्यानं शंभरदा पढलेली असते तिचा अर्थ त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतो तो धर्माची खिल्ली उडवणाऱ्या माणसाच्या तोंडून. त्यात मोबाईलचा दोष किती आणि रिकाम्या ठेवलेल्या जागेचा किती? इमाम गझालींसारख्या मोठ्या धर्मपंडितानं स्वतःच्या आयुष्यातल्या शंकेच्या काळाबद्दल उघडपणे लिहून ठेवलं आहे, तेही नऊशे वर्षांपूर्वी. आपल्याकडे दहावीतल्या मुलाला ती सोय नाही.

दुसरं कारण बहिणींचं असतं. आपल्याला जुम्म्याला नेतात आणि बहीण घरी का, हे मुलगे बघत असतात. 2019 मध्ये पुण्यातल्याच एका दांपत्यानं महिलांना मशिदीत नमाज पढू द्यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुढच्या वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं न्यायालयाला सांगितलं की महिलांना मशिदीत येऊन नमाज पढायला इस्लाममध्ये मनाई नाही. तरी तुमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत बायकांसाठी जागा आहे का, बघून या. व्याज हराम म्हणून तासभर बयान करणारे काका मुलाच्या लग्नात बुलेट मागतात, तेही ही मुलं बघतात. त्यांचं भांडण कधीकधी अल्लाहशी नसतंच, काकांशी असतं. उलट काहींचं खरोखरच विचारांती मत झालेलं असतं, आणि काकांनी हुंडा नाकारला म्हणून ते बदलत नाही. तुमचा मुलगा यातला कोणता, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण तुम्ही विचारलेलंच नाही.

‘सगळी पिढीच चालली’ असं वाटून घेऊ नका. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातल्या 91 टक्के मुस्लिमांनी धर्म आपल्या आयुष्यात फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. अमेरिकेत चित्र निराळं आहे. तिथे मुस्लिम घरांत वाढलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आता स्वतःला मुस्लिम म्हणवत नाही, आणि साधारण तेवढेच लोक बाहेरून इस्लाममध्ये येतात. आपल्याकडे नमाज सुटलेले पुष्कळ, विश्वास सुटला असं म्हणणारे मोजके. म्हणूनच जो म्हणतो तो फार एकटा पडतो.

त्या एकटेपणाबद्दल थोडं सांगते, कारण घराबाहेर काढू नका म्हणण्यामागचं माझं मुख्य कारण तेच आहे. तुमच्या मुलानं नमाज सोडली म्हणून बाणेर-वाकडचा एजंट त्याचं नाव ऐकून ‘सोसायटीत चालत नाही’ म्हणायचं सोडणार नाही. 2014 च्या जूनमध्ये हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या, आयटीत काम करणाऱ्या तरुणाचा जमावानं जीव घेतला. मारणाऱ्यांनी काही त्याचं ईमान तपासलं नव्हतं. आडनाव, दाढी, मोहल्ला हे सगळं तुमच्या मुलाबरोबर राहणारच आहे, फक्त त्याबरोबर मिळणारा आधार, जुम्म्याची गळाभेट, ‘अपना बच्चा है’ म्हणणारी माणसं, ती गेली. शिवाय ऑफिसात त्याला डोक्यावर घेणारे भेटतील. ‘तू त्यांच्यातला वाटतच नाहीस’ म्हणतील आणि मग हळूच तुमच्याविरुद्ध, त्याच्या दादीविरुद्ध, अख्ख्या मोहल्ल्याविरुद्ध बोलायला त्याला पुढे करतील. शहाणा असेल तर त्याला हे कळत असेल, आणि कळत असेल तर तो दोन्हीकडून तुटलेला आहे. अशा वेळी घराचं दार तुम्ही लावलंत, तर उघडी दारं उरतील ती त्यांचीच.

पुण्याला हे नवंही नाही. 1970 साली सुधारक लेखक हमीद दलवाईंनी याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांची मतं तुम्हाला पटणार नाहीत, पटावीत असा माझा आग्रहही नाही. पन्नास वर्षांपूर्वी, मोबाईल नसतानाही, मुस्लिम घरातली माणसं या वाटेनं गेली आणि त्यांच्याही घरांत आया, बाप, बहिणी होत्या, एवढंच लक्षात घ्या.

आता करायचं काय. आधी अबोला सोडा, आणि तो तुम्ही सोडा. त्यानं माफी मागायची वाट बघू नका, कारण त्याच्या मते त्यानं खरं बोलण्यापलीकडे काही केलेलं नाही. घरात सगळ्यांसमोर नको. स्कूटरवर मागे बसवा, कुठेतरी चहाला घेऊन जा. सुरुवात कशी करावी सुचत नसेल तर असं म्हणा : ‘तू म्हणालास ते मला पटलेलं नाही, कदाचित कधीच पटणार नाही. पण तू तिथवर कसा पोहोचलास ते मला ऐकायचंय.’ आणि मग त्या दिवशी फक्त ऐका. मधेच दाखला द्यायचा मोह होईल, जिभेवर आयत येईल, ती गिळा. बापाला हे किती अवघड जातं मला कल्पना आहे. चुका दुरुस्त करण्यात आपली हयात गेलेली असते. पण पहिल्याच बैठकीत तुम्ही त्याला खोडून काढलंत, तर दुसरी बैठक होणार नाही.

चिल्ल्याचा विचार डोक्यातून काढा. स्वतःच्या ओढीनं चाळीस दिवस जमातीत जाणाऱ्याला काय मिळतं हा त्याचा अनुभव, त्याबद्दल मी बोलत नाही. पण ज्याला ढकलून पाठवलं तो चाळीस दिवस परक्या मशिदींच्या चटयांवर झोपून परत येतो तो चांगला नट होऊन. तुम्हाला मुलगा हवाय की त्याचं सोंग, ते ठरवा. घरी मौलवीसाहेबांना बोलावून वाद लावणंही नको. उद्या तोच म्हणाला की मला कुणाशी तरी बोलायचंय, तर असा आलिम शोधा ज्याला ‘याचं उत्तर मला माहीत नाही’ म्हणता येतं. असे असतात. थोडे असतात.

घरातली रीत मात्र बोलून ठरवा. रमजानमध्ये दिवसा घरात सगळ्यांसमोर खायचं नाही, दीनची टिंगल करायची नाही, दादीसमोर वाद घालायचा नाही, एवढं तुम्ही मागू शकता आणि बहुतेक मुलगे ते आनंदानं देतात. बदल्यात रोज ‘पढलास का?’ हा प्रश्न तुम्ही बंद करायचा. इफ्तारला तो दस्तरख्वानावर बसेल, रोजा नसला तरी. ईदगाहला यायचं की नाही हे त्याच्यावर सोडा, शीरखुर्म्याला मात्र त्याची वाटी असलीच पाहिजे. दादीला सगळं सांगायलाच हवं असं नाही. तिनं थेट विचारलं तर काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. आणि तुमच्या पत्नी गेले काही महिने तुम्हा दोघांमधला टपाल विभाग झाल्या असणार, ‘अब्बांना सांग’, ‘त्याला सांग’ करत. तुमच्या पत्रात एका उल्लेखापलीकडे त्या कुठंच दिसत नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटलं. त्यांना काय वाटतं, हे विचारलंत का?

वाट्याची धमकी मागे घ्या. एक तर ती कायद्यात फारशी टिकत नाही. मुस्लिम कायद्याप्रमाणे मृत्युपत्रानं एक तृतीयांशाहून जास्त मिळकत, बाकी वारसांच्या संमतीशिवाय, मनाप्रमाणे देता येत नाही. आणि धर्म सोडला म्हणून वारसाहक्क जाण्याचा अडसर 1850 च्या कायद्यानं दूर केला होता, पुढे तो कायदा रद्द झाला असला तरी. हयातीत हिबा (दान) करून तुम्ही मिळकत दुसऱ्याला देऊ शकता, ते खरं. पण दुसरं आणि मोठं कारण असं : ज्या ईमानाला फ्लॅटच्या भीतीनं परत आणायचं, ते तुम्हाला तरी ईमान वाटेल का?

मुलीचा रिश्ता. मुलाबद्दल खोटं सांगू नका आणि आपणहून जाहीरही करू नका. ‘साहबजादे नमाजी हैं?’ असं कुणी विचारलं तर ‘त्याचं त्याला विचारा, लग्न मुलीचं आहे’ एवढं पुरे. भावाच्या नमाजावरून मुलीला नाकारणारं घर पुढे आणखी कशाकशावरून तिला धारेवर धरील, याचा अंदाज आत्ताच आलेला बरा. भावानं माझं लग्न मोडलं, असं तिच्या मनात कुणी भरवणार नाही याची काळजी तुम्हाला घ्यावी लागेल. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयाचं एक अक्षर जाऊ देऊ नका, ‘दुआ करा’ म्हणूनसुद्धा नाही. तिथून गोष्ट कुठं जाते आणि कुणाच्या हाती लागते हे आपल्या हातात राहत नाही.

आणखी एक बघा. तो नीट जेवतो का, झोपतो का, मित्रांत जातो का? श्रद्धा सुटणं हा आजार नव्हे, त्यासाठी त्याला डॉक्टरकडे नेऊ नका. पण एकटं पडून माणूस खचू शकतो, आणि खचलेला वाटला तर थांबू नका. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मोफत आहे. रात्री झोप येत नाही असं तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय, तेव्हा ती तुमच्यासाठीही आहे.

तो परत येईल का? येतात काही, लग्नानंतर, आईबाप गेल्यावर, स्वतःचं मूल झाल्यावर. बरेच येत नाहीत आणि तरी चांगले मुलगे राहतात. परत येण्याच्या अटीवर बोलायला लागाल तर त्याला ते पहिल्या वाक्यात कळेल.

हे वाचणाऱ्या मुलींसाठी थोडं वेगळं लिहावं लागेल. या पत्रातल्या मुलाजागी मुलगी असती तर अबोल्यावर भागलं नसतं, महिनाभरात स्थळ शोधलं गेलं असतं. पालकांनो, लग्न हा शंकेवरचा इलाज नाही, यात एका घराचा प्रश्न दोन घरांत जातो. आणि मुलींनो, आईवडिलांवर अवलंबून असताना, भांडणाच्या भरात, सगळं एका रात्री सांगून टाकायची घाई करू नका. गप्प राहण्यात अप्रामाणिकपणा नाही. आधी शिक्षण पुरं करा, पगार स्वतःच्या खात्यात येऊ द्या, आधार कार्ड, पासपोर्ट, गुणपत्रिका स्वतःजवळ ठेवा, आणि काय चाललंय हे माहीत असलेलं एक तरी मोठं, भरवशाचं माणूस असू द्या. हात उगारला गेला किंवा कोंडून ठेवलं तर 112.